क्वेताच्या वाटणीची पावलं

क्वेताने बोहुमीरच्या स्वेटरची बाही वर सारली आणि स्वतःच्या मनगटावरची काळी रबरी पट्टी काढून त्याच्या मनगटावर चढवली. त्याचं मनगट जाड, त्यामुळे दोन भोकं सैल करावी लागायची. पट्टी बसेपर्यंत तो छताकडे बघत राहिला, सुई टोचून घ्यायला आणलेल्या पोरासारखा.

"घट्ट झाली का?"

"झाली तर काय करशील? मला बदलून आणशील?"

"पंचाहत्तर वर्षं वापरलेला माल कोण बदलून देतं," क्वेता म्हणाली. "साडेचारला येते मी. चहा थर्मासमध्ये आहे. केक झाकून ठेवलाय, त्यातला निम्मा माझा."

"आणि ही पट्टी कशासाठी, ते आजही विचारायचं नाही."

"आजही नाही."

बोहुमीरने मान हलवली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीजवळच्या खुर्चीत अंग सैल सोडलं. ती खुर्ची आता त्याच्या आकाराची झाली होती. दोन वर्षांपूर्वी तो बर्फावर घसरला आणि खुबा मोडला. हाड नीट जुळलं, डॉक्टरांनी काठीसुद्धा सोडायला सांगितली, पण बोहुमीर खुर्चीतून उठायचा तो पलंगापुरता आणि न्हाणीघरापुरता. चौतीस वर्षं तो पोस्टमन होता. मोरावा नदीच्या दोन्ही काठांवरची गावं त्याने पायांनी पाठ केली होती. व्यायाम शिकवायला घरी आलेल्या बाईला त्याने सांगितलं, माझ्या नशिबातलं सगळं चालून झालंय, बाकीचं तुम्ही चाला. बाई गेली. मुलगी ब्रनोहून येऊन भांडून गेली. त्यानंतर सगळ्यांनी बोलायचं सोडून दिलं.

क्वेताने कापडी पिशवी उचलली. पिशवीत कॅनव्हासचे बूट होते, त्यांच्यावर लपवायला म्हणून एक कोबी. एवढा एक कोबी आठवड्यातून दोनदा फिरून परत यायचा, तरी बोहुमीरने त्याबद्दलही कधी विचारलं नव्हतं.

हे सगळं मार्चमध्ये एका बंद पाकिटापासून सुरू झालं होतं. ओलोमोउत्समधल्या एका दवाखान्यात वर्षभराचा अभ्यास होता, पासष्टच्या पुढची चाळीस माणसं हवी होती. क्वेताने जाहिरात वाचली त्याच आठवड्यात तिच्या हातात बरणीचं झाकण होतं आणि 'बरणी' हा शब्द तिला सापडत नव्हता. हातात झाकण, समोर बरणी, आणि मध्ये नुसतं पांढरं. तिची थोरली बहीण यार्मिला अशीच एकेक शब्द खाली ठेवत गेली होती. शेवटच्या वर्षी तिने क्वेताला विचारलं होतं, बाई, तुम्ही कुणाकडे आलात?

तेव्हा क्वेताने नाव दिलं. अभ्यास करणारी कामिला तिशीतली, कानामागे पेन खोचलेली, बोलताना हात फार हलवणारी मुलगी होती. पूर्वी ती उंदरांवर काम करायची.

"पिंजऱ्यात चाक ठेवलं ना, क्वेताबाई, की उंदीर धावत सुटतात, कोणी सांगावं लागत नाही," कामिला म्हणाली होती. "आणि जे धावतात त्यांच्या मेंदूत, आठवणी जिथे जपल्या जातात त्या कोपऱ्यात, नव्या पेशी जास्त उगवतात. म्हाताऱ्या उंदरांमध्येसुद्धा. मी स्वतः मोजल्यात, सूक्ष्मदर्शकाखाली, आठ महिने. डोळ्यांचा नंबर वाढला माझा."

"आणि माणसांत?"

"माणसांत उगवतात की नाही यावर अजून भांडणं चालू आहेत. तुमचा मेंदू काही मला कापून बघता येत नाही."

"नकोच बघूस."

"म्हणून आपण फोटो काढणार. आत्ता एक, वर्षाने एक. तो कोपरा वाढतो की आक्रसतो ते बघायचं. आणि आठवणीची चाचणी, तीही दोनदा."

अर्ध्या लोकांनी वर्षभर भराभर चालायचं होतं. उरलेल्या अर्ध्यांनी नुसते हातपाय ताणायचे, दम लागेल असं काहीही करायचं नाही. कोण कुठे, ते पाकीट ठरवणार. क्वेताच्या पाकिटात 'ताण' लिहिलेलं निघालं.

"म्हणजे मी चाक बांधून ठेवलेला उंदीर," ती म्हणाली.

कामिला हसली होती, पण उत्तर तिने गंभीरपणे दिलं. "तुम्ही नसाल तर धावणाऱ्या उंदरांना काही अर्थच उरत नाही. तुमच्याशी तुलना केल्याशिवाय मला काहीच कळणार नाही."

क्वेता दोन महिने प्रामाणिकपणे ताणत राहिली. मग मे महिन्यात जुन्या मैत्रिणीचा, व्लास्ताचा, फोन आला.

*

सोकोल या जुन्या क्रीडासंघाच्या व्यायामशाळेत लाकडी फरशीचा आणि जुन्या मेणाचा वास अजून तोच होता. मंगळवारी आणि शुक्रवारी तीन वाजता तिथे सात बायका जमायच्या. साठ साली याच फरशीवर त्यांनी अख्खा हिवाळा एकच कवायत घोटली होती आणि जूनमध्ये खास गाडीने प्रागला गेल्या होत्या, स्ट्राहोवच्या मैदानावर. तेव्हा क्वेता सोळा वर्षांची होती. मैदानभर वाळू, वाळूत खुणा, प्रत्येक खुणेवर एक मुलगी, आणि मुली हजारोंनी. नजर खाली न वळवता पायाच्या अंगठ्याने आपली खूण शोधायची असे. कर्ण्यातून संगीत सुरू झालं की आपण एकट्या नाही, आपल्याला हजारो हात आहेत, असं वाटायचं. त्या साम्यवादी काळाबद्दल पुढे लोक बरंवाईट खूप बोलले आणि त्यातलं बरंचसं खरंही होतं. पण सोळाव्या वर्षी सकाळच्या उन्हात हात वर नेताना जे वाटलं होतं, ते खोटं कसं म्हणायचं हे क्वेताला कधी उमजलं नाही.

"क्वेता, डावा पाय," व्लास्ता ओरडली. "तुझा डावा. माझा नाही."

"तुझा तर दोन्ही बाजूंना उजवाच आहे."

"छप्पन्न वर्षं झाली, ही अजून तिसऱ्या मोजणीला लवकर वळते. तेव्हाही हिच्यामुळे अख्खी रांग ओरडा खायची."

"मी लवकर वळत नाही. तुम्ही सगळ्या उशिरा वळता."

सातही जणी हसल्या, कवायतीची गोल लाकडी कडी घेऊन पुन्हा उभ्या राहिल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी क्वेता नुसती बघायला आली होती. संगीत लागलं, आणि हात आपोआप वर गेले. पुढचा हात, वळण, गुडघा, उडी. शब्द हरवत चाललेल्या बाईला एवढं सगळं तोंडपाठ, नव्हे, अंगपाठ होतं. उडी तेव्हा जमिनीपासून हातभर होती, आता बोटभर, पण छाती तशीच धडधडायची. आणि ती धडधडली की क्वेताला वाटायचं, आत कुठेतरी, त्या कोपऱ्यात, काहीतरी उगवतंय.

ही चोरी आहे हे तिला कळत होतं. कामिलाने दिलेली मनगटावरची पट्टी पावलं आणि नाडी मोजायची. घरी टेबलावर काढून ठेवली तर पट्टीला लगेच कळायचं की आपल्यात माणूस नाही. म्हणून मग बोहुमीर. अख्ख्या शहरात त्याच्याइतकं स्थिर बसणारं दुसरं कोण होतं?

परतताना ती मुद्दाम पुलावरून यायची. लग्नाआधी दर रविवारी ती आणि बोहुमीर याच पुलावरून एकमेकांशी शर्यत लावत चालत. तो तिला भेटला होता स्ट्राहोवलाच, पावाच्या रांगेत. एकोणीस वर्षांचा, कान पुढे आलेला. तिच्याकडे बघून पहिलं वाक्य बोलला होता ते असं: "तुझ्या कानात वाळू आहे." पुढे चौतीस वर्षं ती जिन्यावरची त्याची पावलं ऐकून सांगू शकायची की आज पिशवी जड होती की हलकी. आता दोन वर्षं जिना गप्प होता.

*

नोव्हेंबरच्या एका बुधवारी कामिलाने तिला बोलावून घेतलं.

"क्वेताबाई, रागावू नका, पण हे बघा."

पडद्यावर सपाट रेघ होती. सपाट, सपाट, आणि मध्येच उंचवटे.

"मंगळवार आणि शुक्रवार. तीन ते चार," कामिला म्हणाली. "सप्टेंबरच्या मध्यापर्यंत काही नाही. मग एका दिवशी चारशे पावलं. पुढच्या आठवड्यात सहाशे. मग नऊशे. गेल्या शुक्रवारी दोन हजार शंभर. नाडीसुद्धा चढलेली आहे."

त्या वेळात काहीच दिसू नये म्हणून तर तिने एवढा उपद्व्याप केला होता. मंगळवारी आणि शुक्रवारी तीन ते चार ही पट्टी कुठे असते ते जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातलं दुसरं माणूस खुर्चीतून उठत नव्हतं.

"बाकीचा आठवडा तुम्ही अगदी शिस्तीत आहात," कामिला म्हणाली. "म्हणून मला वाटतं पट्टीच बिघडलीय. जुन्या पट्ट्या बिघडतात अशा. ती द्या मला, मी तुम्हाला नवी देते. ही मनगटावर एकदा लागली की निघतच नाही, आंघोळीतसुद्धा नाही. मार्चमध्ये मीच कापणार. मग फोटो, चाचणी, आणि तुम्ही मोकळ्या."

"त्या चाचणीत कळेल ना मला? म्हणजे मी..." क्वेताने वाक्य तसंच ठेवलं.

"आधीची आणि नंतरची शेजारी ठेवून मी स्वतः तुम्हाला समजावून सांगेन. वचन."

क्वेता त्या उंचवट्यांकडे बघत होती. चारशे, सहाशे, नऊशे. लहान मूल जिना चढत असावं तसे ते चढत गेले होते.

"नवी उद्या घेतली तर चालेल का, पोरी?"

"उद्या या."

घरी बोहुमीर खिडकीशी होता, जिथे नेहमी असायचा तिथे. क्वेताने बटाटे सोलायला घेतले. दोन बटाटे झाले. मग तिचं लक्ष गेलं की खिडकीपासून दारापर्यंत अंथरलेला गालिचा भिंतीकडे सरकवलेला आहे आणि खालची फरशी एका पट्ट्यात जास्त चकचकते आहे. किती दिवस हे असं होतं कोण जाणे. ती रोज त्यावरून गेली होती.

"कामिलाकडे गेले होते," ती म्हणाली.

"मग? कमी पडतायत का आकडे?"

तिने सुरी खाली ठेवली.

"कसले आकडे?"

"आता तू मला शिकवू नकोस," बोहुमीर म्हणाला. तो खिडकीबाहेरच बघत होता. "मी काय आंधळा आहे? तुला तिथे चालायला सांगितलंय. तुला ते होत नाही, म्हणून पट्टी माझ्या गळ्यात घालून तू व्लास्ताकडे कॉफी पीत बसतेस. बस, माझं काही म्हणणं नाही. पण मी हा असा खुर्चीत बसून राहिलो तर तुझ्या नावावर काय पडणार? भोपळा. मार्चमध्ये नापास होशील आणि मग तोंड पाडून माझ्यासमोर बसशील. ते बघण्यापेक्षा चाललेलं बरं."

नळ टपकत होता तो क्वेताने उठून घट्ट केला.

"दुखतं का?"

"आधी दुखायचं. आता नुसतं कुरकुरतं." त्याने दाराकडे बोट केलं. "खिडकी ते दार चौदा पावलं. गेल्या शुक्रवारी दीडशे फेऱ्या मारल्या. भिंतीला हात न लावता."

"दीडशे."

"कमी आहेत का? खरं सांग."

क्वेताने तिसरा बटाटा हातात घेतला आणि त्याच्याकडे पाठ करून सोलू लागली.

"जराशा कमी आहेत म्हणाली," ती म्हणाली. "किती हव्यात ते उद्या विचारून येते."

*

गुरुवारी तिने कामिलाला सगळं सांगितलं. व्यायामशाळा, कडी, कोबी, बोहुमीर. कामिलाने सगळं ऐकून घेतलं आणि कानामागचं पेन काढून त्याचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मे महिन्यापासून," ती म्हणाली. "चाळीस माणसं गोळा करायला मला दोन वर्षं लागली, क्वेताबाई. दोन. लोकांच्या दारात उभी राहिले मी."

"माहीत आहे."

"तुम्हाला यादीतून काढावं लागेल. का काढलं ते लिहावं लागेल. आणि शेवटचा फोटो, चाचणी, ते तुमचं होणार नाही. यंत्राची वेळ मोजून मिळते मला."

"तेही माहीत आहे."

"मग सांगितलंत कशाला?" कामिलाचा आवाज पहिल्यांदा चढला. "काल मी स्वतःच म्हणाले की पट्टी बिघडलीय. नवी घेऊन गप्प गेला असतात, तर मला जन्मात कळलं नसतं. तुम्हाला तर ती चाचणी हवी होती. पहिल्या दिवसापासून तुम्ही तेवढंच विचारताय."

"नवी पट्टी माझ्या हातावरून निघाली नसती," क्वेता म्हणाली.

कामिलाने पडदा आपल्याकडे वळवला. चारशे, सहाशे, नऊशे, दोन हजार शंभर. तिची नजर त्या चढणीवरून एकदा गेली, मग पुन्हा सावकाश गेली.

"खुबा?" तिने विचारलं.

"डावा. दोन वर्षं झाली. डॉक्टरांसाठी उठला नाही, मुलीसाठी उठला नाही. स्वतःसाठी तर नाहीच नाही."

कामिलाने पट्टी यंत्राला जोडली आणि आतल्या सगळ्या नोंदी उतरवून घेतल्या. मग फेकायच्या डब्याकडे नेलेला हात तिने मागे घेतला आणि पट्टी क्वेतासमोर ठेवली.

"हिच्यात आता आजच्यापुरताच जीव आहे. नंतर नुसतं रबर." ती क्वेताकडे न बघता कागद भरू लागली. "तीन हजार सांगा त्यांना. एकदम नाही, हळूहळू. आणि मी अजून रागावलेली आहे."

"असावंसच," क्वेता म्हणाली.

बाहेर ट्रामच्या थांब्यावर उभं राहिल्यावर तिला कळलं की आपलं मनगट रिकामं आहे आणि मार्चमध्ये आता काहीच नाही. यार्मिलासारखं होणार की नाही, हे कागदावर बघून सांगणारं कोणी नाही. ट्राम आली, गेली. क्वेता चालत निघाली.

*

शुक्रवारी पावणेतीनला तिने बोहुमीरची बाही वर सारली आणि पट्टी त्याच्या मनगटावर बसवली.

"तीन हजार म्हणाली."

"तीन हजार." त्याने ओठांवर ओठ दाबले. "दोनशे चौदा फेऱ्या. मी दारावर आपटून आपटून वेडा होईन, क्वेता. बाहेर चाललं तर धरते का ही?"

क्वेताचे हात थांबले.

"धरते की."

"मग माझे बूट काढ. तपकिरी."

ती तशीच वाकून उभी राहिली, त्याचं मनगट हातात धरून. पट्टी चालू असली की खालच्या बाजूला एक हिरवा ठिपका लुकलुकत असे आणि त्याचा उजेड कातडीवर पडायचा. आज उजेड नव्हता. पण तिला आत्ता बुटांचं काय सांगायचं ते सुचत नव्हतं.

"काय झालं?"

"बूट मी दिले," ती म्हणाली. "गेल्या हिवाळ्यात. चर्चच्या पेटीत. तिन्ही जोड."

खालून ट्राम गेली तशी खिडकीची काच थरथरली. बोहुमीर आपल्या पायांतल्या लोकरी सपातांकडे बघत होता.

"चांगले होते का अजून?"

"तपकिरी चांगले होते."

"मग कुणीतरी चालत असेल त्यात," तो म्हणाला. नंतर त्याच्या तोंडाची एक बाजू किंचित वर गेली. "नंबर तरी आठवतो का माझा, की तोही पेटीत टाकलास?"

"साडेबेचाळीस. डाव्यात पातळ तळवा घालायचा, उजव्यात नाही. नाडी वरच्या भोकातून ओवायची नाही, तुझा घोटा सोलतो. आणि तपकिरीच हवेत, काळ्यांना तू अंत्ययात्रेचे म्हणतोस."

हे सगळं एका दमात आलं. शब्द शोधावे लागले नाहीत. ते आपापल्या खुणेवर उभेच होते. तिचं तिलाच उशिरा लक्षात आलं.

बोहुमीर तिच्याकडे बघत होता. मग त्याने नजर मनगटावर नेली, पट्टी जरा फिरवली, खालची बाजू उताणी करून पाहिली. पुन्हा होती तशी सरळ केली. स्वेटरची बाही त्याने मनगटापर्यंत ओढून घेतली.

"दुकान कितीला बंद होतं?"

"सहाला. पण सपाता घालून कसा येशील? नोव्हेंबर आहे. लोक हसतील."

"चौतीस वर्षं कुत्री चावत होती. आता लोक हसू देत."

त्याने खिडकीची कड धरली आणि उभा राहिला. दारापर्यंत आला. दोघांच्या पुढ्यात जिना होता, तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत.

"व्लास्ता वाट बघेल," क्वेता म्हणाली.

"बघू दे," बोहुमीर म्हणाला आणि कठड्यावर हात ठेवला. "तू माझ्या पुढे राहा. मी मोजतो."